बीबीसी प्रॉम्स, बेताच्या खिशात

तुम्ही विचारलंय: शिकायला लंडनला आलेय, या उन्हाळ्यात बीबीसी प्रॉम्स (बीबीसीचा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा महोत्सव) ऐकायचेच आहेत, पण बसायच्या तिकिटांचे आकडे पाहून धीर सुटला. ऑगस्टच्या शेवटी आईबाबा येतायत, त्यांनाही एखादी मैफल ऐकवायचीय. पाश्चात्त्य अभिजात संगीत फारसं कानावरून गेलेलं नाही. कमी पैशांत हे सगळं कसं जमवायचं?

उभ्याचं तिकीट काढा. तुमच्याकडे पैशांची चणचण नसती तरी मी पहिल्यांदा हेच सांगितलं असतं. मी स्वतः बरीच वर्षं प्रॉम्सना जाते आहे आणि आजही बसायचं तिकीट क्वचितच काढते.

उभं राहून ऐकण्याला इथे प्रॉमिंग म्हणतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही मोसमांत हे तिकीट ८ पौंडांना होतं, बुकिंग शुल्क त्यातच धरलेलं. बसायची तिकिटं १० पौंडांपासून सुरू होत होती, पण शुल्क वेगळं, आणि त्या किमतीच्या खुर्च्या वर, कडेला, मंचाचा अर्धाच भाग दिसेल अशा. ८ पौंडांत तुम्ही उभ्या राहता कुठे? रॉयल अल्बर्ट हॉलच्या मधोमध जो सपाट भाग आहे त्यात, थेट मंचासमोर. त्याला अरीना म्हणतात. तिथून व्हायोलिनच्या गजाचे तुटून लोंबणारे केस दिसतात. अवघड जागा येण्याआधी ओबोवाला श्वास भरून घेतो तो ऐकू येतो. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत बसून रात्र काढली असेल, तर कमी पैशांत खरे कानसेन कुठे सापडतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि हा दर कलाकारागणिक बदलत नाही. बर्लिन किंवा व्हिएन्ना फिलहार्मोनिक आली की खुर्च्यांचे भाव चढतात, उभ्याचा भाव तिथेच राहतो. युरोपात या वाद्यवृंदांना ऐकायला लोक कितीतरी पट मोजतात. बेताचा खिसा असलेल्या माणसाने प्रॉम्सचं वेळापत्रक हाती घेतल्यावर पहिलं काम हेच करावं: पाहुणे वाद्यवृंद कधी आहेत ते शोधून त्या तारखांवर खूण करावी. बडे पाहुणे बहुधा ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला येतात.

ही सोय नंतर कुणी दयेपोटी काढलेली नाही, महोत्सव उभाच राहिला तो या तिकिटावर. १० ऑगस्ट १८९५ ला क्वीन्स हॉलमध्ये पहिली मैफल झाली. हॉलचा व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन, कंडक्टर २६ वर्षांचा हेन्री वुड. पैसे घातले जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या घशाच्या डॉक्टरांनी, आणि त्यांची एक अट होती: वाद्यवृंदाची पट्टी उतरवायची. त्या काळी इंग्लंडमध्ये पट्टी फार चढी ठेवत आणि त्यापायी गायकांचे गळे बसतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उभ्याचं तिकीट एक शिलिंग, आणि अख्ख्या मोसमाचं एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. मैफल चालू असताना खाणंपिणं आणि सिगारेट ओढणंही चाले. रोज रात्री मैफल करायची, आधी लोकांच्या सहज गळी उतरेल असं वाजवायचं आणि हळूहळू अवघडाकडे न्यायचं, असा न्यूमनचा बेत होता. १९२७ मध्ये बीबीसीने महोत्सव हाती घेतला. मे १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला आणि त्याच उन्हाळ्यात प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले.

न्यूमनचा तो बेत तुमच्यासारख्या नव्या श्रोत्याला आजही तंतोतंत लागू पडतो. एका झगमगीत संध्याकाळीवर ६०-७० पौंड घालू नका, तेवढ्यात पाच-सहा मैफली ऐका. हिशोब सोपा आहे. तिकीट ८ पौंड, बसने जाऊन-येऊन ३.५० (२०२५ मध्ये एका फेरीला १.७५ होते, आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे लागत नाहीत). म्हणजे एका संध्याकाळचे ११.५०, चार संध्याकाळींचे ४६. पहिल्या मैफलीत अर्धं डोक्यावरून जाईल. तिसऱ्या-चौथ्या मैफलीत कान आपोआप धागे पकडायला लागतो. ते एका रात्रीत होत नाही, म्हणूनच वारंवार जाणं महत्त्वाचं.

आता तिकीट कसं मिळवायचं ते. कार्यक्रम एप्रिलमध्ये जाहीर होतो आणि बसायच्या तिकिटांची विक्री मे महिन्यात उघडते. त्या दिवशी संकेतस्थळावर झुंबड उडते, तुम्ही तिकडे फिरकायची गरज नाही. उभ्याची तिकिटं मैफलीच्या दिवशी सकाळी ऑनलाइन मिळतात. नेमकी वेळ त्या मोसमाच्या पानावर बघा, ती मधूनमधून बदलते. अरीना हवा की अगदी वरची गॅलरी, हे तिकीट काढतानाच निवडायचं असतं. हजारच्या आसपास माणसं उभी राहू शकतात, त्यामुळे मंगळवार-बुधवारच्या साध्या मैफलीचं तिकीट दुपारीही मिळून जातं. नावाजलेला पियानिस्ट किंवा पाहुणा वाद्यवृंद असेल तेव्हा मात्र विक्री उघडायच्या मिनिटाला फोन हातात हवा. खातं आदल्या दिवशीच उघडून कार्डाचा तपशील भरून ठेवा. भलत्याच संकेतस्थळावर कुणी उभ्याचं तिकीट चढ्या भावाने विकत असेल तर तिथून मुळीच घेऊ नका.

वीकेंड पास आणि मोसमाचा पासही असतो. मोसमात सत्तरहून अधिक मैफली होतात. त्यातल्या निम्म्यांना तरी जाणार असाल तर मोसमाच्या पासचा विचार करा. पहिल्या वर्षी नकोच. आपल्याला काय आवडतं हे कळायच्या आत एकदम सगळ्याचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

तिकीट हातात आलं तरी अरीनात कुठे उभं राहायचं हे आधी आत कोण शिरतं यावर ठरतं, म्हणून बाहेर रांग लागते. मंचासमोरच्या कठड्याला टेकून उभं राहणारे जुने प्रॉमर बरेच लवकर येतात. त्यांच्याशी स्पर्धा करू नका, कारण ती जागा माझ्या मते ऐकायला सर्वोत्तम नाहीच. कठड्याशी पहिल्या रांगेतली व्हायोलिनं अंगावर येतात आणि मागची बासरी-क्लॅरिनेट झाकली जातात. मंचापासून अरीनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, मधोमध उभ्या राहा. तिथे सगळा वाद्यवृंद एकत्र कानावर पडतो. पियानो असेल त्या दिवशी थोडं डावीकडे सरका, म्हणजे हात दिसतात. हा हॉल १८७१ चा, आणि त्याचा घुमट आवाज परत फेकतो अशी तक्रार सुरुवातीपासून होती. तो प्रतिध्वनी मोडायला १९६९ मध्ये छताला फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या. वर बघितलंत की त्या दिसतील. तरीही अगदी मागे, भिंतीजवळ, आवाज थोडा पातळ होतो.

उभं राहणं जमेल का, हा प्रश्न नवीन माणसाच्या मनात हटकून असतो. तब्येत ठीक असेल तर जमतं, पण शरीराची काळजी घ्यावी लागते. भोवळ येते ती गुडघे ताठ करून पुतळ्यासारखं उभं राहिल्यामुळे. रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं. गुडघे किंचित सैल ठेवा, वजन या पायावरून त्या पायावर घ्या, चवड्यांवर हळूच उचलून खाली या, बुटात बोटं हलवत राहा. हे सगळं शेजाऱ्याला कळणारही नाही इतक्या हळू करता येतं. उपाशी जाऊ नका. जुने, पायात मुरलेले बूट घाला. मध्यंतर झालं की लगेच जमिनीवर बसा, आजूबाजूचे सगळेच बसलेले असतील. गरगरलं तर लाजू नका, खाली बसा आणि शेजाऱ्याला सांगा. प्रॉमर मंडळी अशा वेळी पटकन वाट करून देतात.

पहिल्या मैफलीची लांबी बघूनच निवड करा. माहलरची तिसरी सिंफनी (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची, बहुधा अनेक भागांची मोठी कृती) शंभर मिनिटांच्या आसपास चालते आणि बहुतेक वेळा मध्यंतराशिवाय. पहिल्याच दिवशी तिच्या वाटेला जाऊ नका. ड्वोर्झाकची नववी ४०-४५ मिनिटांची, सुरेल, लगेच मनात बसणारी. सँ-साँसची तिसरी सिंफनी ३५ मिनिटांच्या आसपास, आणि ती या हॉलमध्ये ऐकणं ही एक वेगळीच गोष्ट आहे, कारण तिच्यात ऑर्गन आहे. इथल्या ऑर्गनला ९,९९९ नळ्या आहेत. त्या सिंफनीच्या संथ भागात ऑर्गनचे खालचे स्वर लागतात तेव्हा ते कानाआधी तळपायांना कळतात, आणि हे सुख खुर्चीत बसलेल्यांपेक्षा जमिनीवर उभ्या असलेल्यांना जास्त मिळतं. एकूणच या हॉलला मोठा आवाका मानवतो: भरगच्च वाद्यवृंद, शेकडोंचं गायकवृंद, ऑर्गन. चार वाद्यांची चौकडी किंवा हार्प्सिकॉर्डसारखं नाजूक आवाजाचं वाद्य एवढ्या पोकळीत हरवून जातं, ते दुसऱ्या लहान सभागृहात ऐका.

गॅलरीबद्दल लोक नाक मुरडतात, मला ती आवडते. ती अगदी घुमटाखाली आहे. कलाकार बोटभर दिसतात, पण आवाज वर येईपर्यंत छान एकजीव होतो. जागा ऐसपैस असते, लोक चटई पसरून बसतात, काहीजण चक्क डोळे मिटून आडवे होतात. लांबलचक कृती असेल किंवा दिवसभर पाय मोडेस्तोवर चालणं झालं असेल, तर सरळ गॅलरीचं तिकीट घ्या. जुलैच्या उकाड्यात मात्र सगळी गरम हवा तिथेच जमते. सुती कपडे घाला. पाणी विकत घेऊ नका: इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी ग्राहकाने मागितलं तर पिण्याचं साधं पाणी फुकट द्यावं लागतं, तो नियमच आहे. बारवर जाऊन मागा.

थोडी तयारी केलीत तर आठ पौंडांची किंमत दुप्पट वसूल होते. मैफलीच्या दोन-तीन दिवस आधी तीच कृती एकदा काम करता करता आणि एकदा नुसती बसून ऐका. कुठला तुकडा परत परत येतो तेवढं ओळखीचं झालं तरी पुरे. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा ओळखीचा असला की बढत ऐकण्यात गोडी वाढते, तसाच हा कान इथेही कामाला येतो. छापील कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची सक्ती नाही, कृतींची यादी आणि माहिती प्रॉम्सच्या पानावर फुकट असते. घरून निघतानाच वाचून घ्या, हॉलमध्ये फोनचा उजेड शेजाऱ्यांना खुपतो.

दाद देण्याची रीत वेगळी आहे. समेवर ‘क्या बात है’ निघून जाईल, ते आवरा. वाजत असताना अरीनातले लोक इतके गप्प असतात की हजार माणसं उभी आहेत यावर विश्वास बसत नाही. सिंफनीच्या दोन भागांमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या तर कुणी डोळे वटारत नाही, पण शंका असेल तर कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. पियानोचं झाकण उघडताना अरीनातून ‘हीव्ह’ आणि गॅलरीतून ‘हो’ असा पुकारा होतो, ती जुनी गंमत आहे. मध्यंतरानंतर प्रॉमर एका सुरात संगीतकारांच्या मदतनिधीसाठी आवाहन करतात आणि बाहेर पडताना बादल्या घेऊन उभे असतात. जमलं तर एखादा पौंड टाका. पैसे योग्य ठिकाणी जातात.

आता आईबाबा. त्यांना अरीनात उभं करू नका. साठीच्या पुढच्या माणसांसाठी खुर्चीच हवी, इथे पैसे वाचवायचे नाहीत. दोन पर्याय बघा. एक म्हणजे वरच्या सर्कलमधल्या स्वस्त खुर्च्या. तिकीट काढताना ‘दृश्य मर्यादित’ असं लिहिलंय का ते नीट वाचा, आणि किती मर्यादित ते आसनाच्या चित्रात तपासा. दुसरा पर्याय मला जास्त पसंत: मंचामागच्या कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या खुर्च्या. मोठं गायकवृंद नसतं त्या दिवशी त्या श्रोत्यांना विकतात. आवाजाचा तोल थोडा उलटा होतो, ढोल-पितळेची वाद्यं जवळ आणि व्हायोलिनं दूर, पण कंडक्टरचा चेहरा समोर दिसतो. भुवई उंचावून तो चेलोंना कसं बोलावतो, डाव्या हाताने ट्रंपेटला कसं थोपवतो, हे बघताना संगीताची सवय नसलेला माणूसही गुंतून राहतो. आईबाबांसाठी याहून चांगली ओळख नाही. पायऱ्या मात्र आधी विचारून घ्या.

त्या तारखेला सगळं विकलं गेलंय असं दिसलं तरी आशा सोडू नका. या हॉलमधल्या बाराशेच्या वर खुर्च्या खासगी मालकीच्या आहेत. हॉल बांधताना लोकांनी पैसे घालून त्या ९९९ वर्षांच्या कराराने घेतल्या, आणि आजही त्या विकल्या-घेतल्या जातात. मालक येणार नसतील तर ते तिकीट परत करतात आणि ते विक्रीला येतं. मैफलीच्या आठवड्यात रोज एकदा पान उघडून बघा. तुमच्याबरोबर कुणी अठराच्या आतलं भावंड येणार असेल तर त्याला बसायचं तिकीट निम्म्या दरात मिळतं, मोसमाची शेवटची रात्र सोडून. त्या शेवटच्या रात्रीचं गणितच वेगळं आहे, यंदा तिचा नाद सोडा. ती टीव्हीवर छान दिसते.

आईबाबांची पिढी म्हणजे लतादीदींची. १९७४ मध्ये दीदी याच हॉलमध्ये गायल्या होत्या, आणि २०२३ च्या मोसमात त्यांच्या गाण्यांवर एक अख्खा प्रॉम झाला (इथे एकेका मैफलीलाही प्रॉम म्हणतात). भारतीय संगीत प्रॉम्समध्ये अधूनमधून येत असतं. वेळापत्रकात असं काही सापडलं तर आईबाबांच्या तारखा त्याभोवती जुळवा.

जेवणावर पैसे घालवायची गरज नाही. हॉलसमोर रस्ता ओलांडला की केन्सिंग्टन गार्डन्स. अल्बर्ट स्मारकाच्या आसपास हिरवळीवर डबा उघडा. तिथे अर्धे लोक तेच करत असतात. बाग अंधार पडायला लागल्यावर बंद होते, म्हणून परतीची वाट बागेतून धरू नका. मोठी बॅग आणू नका, आत नेऊ देत नाहीत आणि परत पाठवलं तर पंचाईत होते. दिवस मोकळा असेल तर एक्झिबिशन रोडवरची तिन्ही संग्रहालयं, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, बघायला तिकीट नाही. शुक्रवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट रात्री १० पर्यंत उघडं असतं. पाऊस आला तर साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून संग्रहालयांपर्यंत भुयारी वाट आहे, पुढे थोडंच चालायचं राहतं.

ज्या संध्याकाळी जाणं होणार नाही त्या दिवशी बीबीसीचा रेडिओ ३ लावा. प्रत्येक प्रॉम थेट प्रक्षेपित होतो आणि नंतर बीबीसी साउंड्स या ॲपवर काही आठवडे ऐकता येतो. रेडिओ आणि साउंड्स ऐकायला टीव्ही लायसन्स लागत नाही. बीबीसीच्या आयप्लेअरवर कार्यक्रम बघायला लागतं, हे होस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा. माझी पद्धत अशी: हॉलमध्ये ऐकलेली मैफल दोन दिवसांनी साउंड्सवर पुन्हा ऐकते. अरीनात जे हातातून निसटलं ते दुसऱ्यांदा सापडतं.

येण्याजाण्याचं शेवटचं. ९, ५२, ३६० आणि ४५२ या बसेस हॉलजवळ थांबतात. हौन्सलोकडून किंवा रेनर्स लेनकडून येत असाल तर पिकॅडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला आणते, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालणं. संध्याकाळची मैफल बहुधा साडेनऊ-दहापर्यंत सुटते. रात्री उशिराच्या प्रॉमला जाणार असाल तर तो शक्यतो शुक्रवार-शनिवारचा निवडा, त्या दोन रात्री पिकॅडिली लाइन हौन्सलोच्या बाजूला रात्रभर चालते, रेनर्स लेनच्या फाट्यावर मात्र नाही. आईबाबा स्लाउला नातेवाइकांकडे उतरणार असतील, तर पॅडिंग्टनहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा दुपारीच बघून ठेवा आणि साउथ केन्सिंग्टनहून पॅडिंग्टन गाठायला अर्धा तास हाताशी ठेवा.